बदकं जिथे हिवाळा काढतात, तिथे खाली शिंपल्या असतात



मागच्या बैठकीत मी नदीच्या मुखाशी येणाऱ्या पक्ष्यांची नोंद ठेवायचा विषय काढला, तेव्हा मागच्या बाकावरून आपले एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "सेक्रेटरीनू, पक्ष्यांचा सोडा, डिझेलच्या सबसिडीचा काय ता सांगा." सगळे हसले. मीही हसलो. सबसिडीची माहिती मी वेगळी टाकतो. पण पक्ष्यांचा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही असं मला अजूनही वाटतं. का, ते आज जरा सविस्तर लिहितो. वेळ काढून वाचा.

गोष्ट युरोपची आहे. तिथे आयडर नावाचं समुद्री बदक असतं, वजनाला दोन किलोच्या आसपास. फिनलंड, स्वीडनच्या बेटांवर ते अंडी घालतं. थंडी वाढून पाणी गोठायला लागलं की डेन्मार्कच्या पाण्यात आणि वाडेन समुद्रात हिवाळा काढायला येतं. वाडेन समुद्र म्हणजे नेदरलँड्स, जर्मनी आणि डेन्मार्क या तीन देशांच्या किनाऱ्याला लागून असलेला सुमारे ५०० किलोमीटरचा उथळ पट्टा. सुकतीला रेती-चिखल लांबवर उघडा पडतो, भरतीला सगळं पाण्याखाली जातं. आपल्या नदीच्या मुखाशी होतं तेच, फक्त फार मोठ्या आकाराचं.

हे बदक तिथेच का जातं? कारण पाण्याखाली शिंपल्या आहेत. आपल्या शिनाण्यांच्या जातीची निळी शिंपली आणि रेतीत पुरून राहणारी कॉकल नावाची शिंपली. बदक बुडी मारतं, शिंपली कवचासकट गिळतं आणि पोटात तिचा चुरा करतं. कवच जास्त, मांस कमी, म्हणून त्याला शिंपल्या ढिगाने लागतात, आणि त्या रोज लागतात. शिंपल्या विरळ झाल्या तर बुडी मारायला जेवढी ताकद जाते तेवढीही भरून येत नाही. पाण्याचा रंग बघून आपले जुने लोक मासळी कुठे आहे ते सांगतात ना, तसा बदकांचा थवा कुठे बसलाय ते बघून खाली शिंपल्या आहेत हे सांगता येतं.

आता पुढचं नीट वाचा, कारण ते आपल्या धंद्याचं आहे.

नेदरलँड्सच्या भागात कॉकल काढायला मोठ्या यांत्रिक बोटी आल्या. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रेतीचा वरचा थर सैल करायचा आणि पंपाने शिंपल्या ओढून घ्यायच्या. दुसरीकडे निळ्या शिंपलीचं बी खरवडून शेतीसाठी न्यायचे. १९९० च्या सुमाराला दोन-तीन वर्षं नवं बी नीट पडलं नाही, पण काढणं चालूच राहिलं. सुकतीला उघडे पडणारे निळ्या शिंपलीचे थर तिथून जवळजवळ नाहीसे झाले. त्यानंतर सरकारने काही भाग बंद केला, पक्ष्यांसाठी राखीव साठा ठेवायचा नियम केला. पण बाकीच्या भागात पंप चालूच होते.

मग आला १९९९-२००० चा हिवाळा. त्या एका हिवाळ्यात नेदरलँड्सच्या वाडेन समुद्रात सुमारे २१,००० आयडर मेले. आधी लोकांना वाटलं रोग आहे. पोटात जंतही सापडले. पण अभ्यासकांनी तपासलं तेव्हा मुख्य कारण उपासमार निघालं. पोटभर शिंपल्या मिळेनात, म्हणून बदकं मिळेल ते खात होती, आणि अशक्त अंगात जंतांनी जोर केला.

प्रकरण कोर्टात गेलं. सप्टेंबर २००४ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं की राखीव भागात असा परवाना द्यायच्या आधी परिणाम तपासा, आणि नुकसान होणार नाही याबद्दल शास्त्रीयदृष्ट्या रास्त शंका उरली नसेल तरच परवाना द्या. २००५ पासून तिथली यांत्रिक कॉकल मासेमारी बंद झाली. पंपाच्या बोटी गेल्या. राहिले कोण? कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून दाताळ्याने हाताने शिंपल्या काढणारे. त्यांचे परवाने मोजके आहेत, पण त्यांचा धंदा आजही चालू आहे.

म्हणून बदक विरुद्ध मच्छीमार असं भांडण कोणी लावलं तर मला ते पटत नाही. बदक आणि हाताने काढणारा माणूस दोघेही त्याच थरावर जगतात. थर खरवडणारा पंप दोघांचाही तोटा करतो. फरक एवढाच की बदक आधी मरतं, आणि आपल्याला समजायला चार वर्षं जास्त लागतात.

आता कोणी म्हणेल, सगळा नियम मच्छीमारालाच का? रास्त प्रश्न आहे. नेदरलँड्सच्या ज्या सरकारने २००४ साली कॉकलच्या पंपबोटी बंद करायचा निर्णय घेतला, त्याच सरकारने त्याच वेळी वाडेन समुद्राखालून गॅस काढायला वाट मोकळी केली. तिथल्या बोटवाल्यांना काय वाटलं असेल ते मला वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही नियम आधी छोट्या होडीला लागतो, हे आपण रोज बघतो. पण यातून मी धडा वेगळा घेतो. पक्षी किती, शिंपल्या किती, सगळी मोजणी दुसऱ्यांच्या हातात असली की टेबलावर आपलं म्हणणं ऐकणारा कोणी नसतो.

आणि आपली बाजू सगळी धुतल्या तांदळासारखी आहे असंही नाही. बाल्टिक समुद्रात लांब शेपटीचं एक समुद्री बदक हिवाळ्याला येतं. १९९२-९३ मध्ये त्यांची संख्या सुमारे ४२ लाख होती, २००७ ते २००९ च्या मोजणीत ती १५ लाखांच्या आत आली. कारणं बरीच असतील. जहाजांनी सोडलेलं तेल हे एक, आणि उभी जाळी हे दुसरं. बदक शिंपल्यांसाठी बुडी मारतं, जाळी त्याला दिसत नाही, पाण्यातच गुदमरून मरतं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाल्टिक आणि उत्तर समुद्राची मिळून जाळ्यात मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या वर्षाला निदान ९०,००० धरली आहे. ही जाळी मोठ्या कंपन्यांचीच नव्हेत, आपल्यासारख्या छोट्या होडीवाल्यांचीही आहेत.

यावर जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी काय केलं ते मला सगळ्यात जास्त आवडलं. २०१३ साली श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यात त्यांच्या संघटनेने सरकारशी बसून स्वखुशीचा करार केला. हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, जिथे बदकांचे मोठे थवे बसलेले असतील तिथे जाळी टाकायची नाही. सगळा समुद्र वर्षभर बंद नाही, थवा असेल तेवढीच जागा, आणि तीही तेवढ्या दिवसांपुरती. सरसकट बंदी डोक्यावर यायच्या आधी ते स्वतः टेबलावर जाऊन बसले.

आता आपलं बघू. आयडर बदकं आपल्याकडे येत नाहीत. पण थंडीत नदीच्या मुखाशी कुरव पक्ष्यांचे थवे बसतात, सुकतीला चिखलात बारीक पाणपक्षी धावत असतात. तेही खाण्यासाठीच येतात, हवा खायला नव्हे. आणि त्याच चिखलात-रेतीत आपल्या तिसऱ्या आणि खुबे आहेत. आपल्या किती घरांतल्या बायका सुकतीला कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून तिसऱ्या काढतात आणि त्यावर घरखर्च भागवतात, हे मला इथे मोजून दाखवायला नको. माझी आई काढायची तेव्हा एका सुकतीला टोपली भरायची. आज तेवढ्याच वेळात अर्धी भरली तरी नशीब म्हणतात. रात्री पंप लावून रेती उपसतात ते सगळ्यांना ऐकू येतं. तक्रार केली की विचारतात, तिसऱ्या कमी झाल्याचा पुरावा काय? आपल्याकडे पुरावा नाही. आठवण आहे, पण आठवणीला कोणी शिक्का मारत नाही.

म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे.

एक, तिसऱ्या-खुब्यांच्या जागांचा आपला नकाशा करायचा. कुठे आहेत, कुठे होत्या, कुठल्या वर्षापासून नाहीत. हे काढणाऱ्या बायकांनीच सांगायचं आणि सोसायटीने लिहून घ्यायचं.

दोन, महिन्यातून एकदा ठरलेल्या सुकतीला कोणी किती काढलं आणि मुखाशी पक्षी कुठे बसले होते, एवढीच नोंद वहीत करायची. जातीची नावं माहीत नसली तरी चालेल. किती आणि कुठे, एवढं पुरे.

तीन, बारीक तिसऱ्या परत टाकायच्या. मोठ्या होऊ दे, मग आपल्याच आहेत. हा नियम दुसऱ्याने लावायच्या आधी आपण लावायचा, म्हणजे रेतीच्या पंपाविरुद्ध बोलताना आपल्याकडे कोणी बोट दाखवणार नाही.

याला खर्च एका वहीचा आहे. मी बारावी शिकलेला माणूस, शास्त्रज्ञ नाही. पण हिशेबाची वही नसली की ऑडिटला काय होतं ते मी दरवर्षी बघतो. नदीचाही हिशेब कधीतरी मागितला जाणारच आहे. त्या दिवशी वही आपल्या हातात असली पाहिजे.

ज्येष्ठांनो, राग नसावा. सबसिडीचं बोलूच. पण होडीत डिझेल भरून जायचं कुठे, ते आधी शाबूत राहिलं पाहिजे ना? सभेला या, आणि घरातल्या बायकांना घेऊन या. यावेळी त्यांचं ऐकायचं आहे.

आपला,
सचिव