वाळूला काळ्या रानाचे माप लावू नका

जैसलमेरच्या पश्चिमेकडच्या रानातली माती तपासायला दिली, तर अहवालात काय येईल हे आपल्यापैकी कोणीही आधीच सांगेल. वाळू शेकडा 85 ते 95. सेंद्रिय कर्ब 0.2 टक्क्याच्या आत. नत्र नावापुरते, स्फुरद बेताचे, पालाश तेवढे बरे, सामू 8 च्या वर, खाली कुठेतरी चुनखडीचा थर. जलधारणक्षमतेच्या रकान्यातला आकडा पाहून काळ्या मातीत वाढलेला कृषी पदवीधर मान हलवेल. आणि याच मातीवर सेवण गवताचे ठोंब वर्षानुवर्षे टिकतात, दुष्काळ गिळून पुन्हा फुटतात. थारपारकरसारखी दुधाळ आणि काटक गाय याच गवतावर घडली. अहवाल खोटा नाही. तो पिकाच्या शेतासाठी काढलेला आहे, आणि इथे पीक घ्यायचेच नाही.

जैसलमेरला वर्षाकाठी सरासरी 200 मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो, तोही मोजक्या सरींत. समजा एका सरीत 20 मिलिमीटर पडला. वाळू आपल्या आकारमानाच्या सुमारे दहा टक्केच पाणी धरते, म्हणून तेवढे पाणी वीसेक सेंटिमीटर खाली उतरते. तीच सर कोरड्या, न भेगाळलेल्या भारी जमिनीवर पडली तर पाच-सहा सेंटिमीटरवर अडते आणि दोन-चार दिवसांच्या उन्हात बहुतेक उडून जाते. वाळूचा वरचा थरही झटकन सुकतो, पण सुकला की केशाकर्षण तुटते आणि खालची ओल झाकली जाते. जी माती पाणी धरत नाही म्हणून आपण नापास करतो, ती पाणी उन्हाच्या हाती लागू देत नाही. इमान्युएल नॉय-मीर या इस्रायली परिस्थितिकीतज्ज्ञाने 1973 साली वाळवंटी परिसंस्थांवर लिहिताना हे सूत्र मांडले: पाऊस सुमारे 300 ते 500 मिलिमीटरच्या खाली गेला की हलकी माती वनस्पतींना भारी मातीपेक्षा अधिक मानवते. सेवणची मुळे नेमकी त्या झाकलेल्या ओलीवर जगतात.

इथे एक इशारा आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या वाचकांसाठी. माण-खटावच्या माळावर हा हिशेब जसाच्या तसा नेऊ नये. तिथली बरड जमीन हलकी असली तरी कातळावर वीतभर पसरलेली असते. ओल साठवायला खाली वाळूचा खोल थर नसतो.

वाळूचे खरे दुखणे पाण्याचे नाही, वाऱ्याचे आहे. या मातीत जे काही कसदार आहे, म्हणजे थोडी चिकणमाती, थोडा पोयटा आणि कुजलेला पाला, ते वरच्या काही सेंटिमीटरांत असते. मे-जूनमध्ये वारा तापला आणि जमीन उघडी असली की सर्वांत आधी उडतो तो हा बारीक भाग. मागे राहते ती धुतल्यासारखी भरड वाळू. उलट सेवणच्या ठोंबाशी, फोगाच्या झुडपाशी वारा मंदावतो आणि उडालेला कस तिथे साचतो. खेजडीखालची माती उघड्या रानापेक्षा कसदार निघते ती यामुळे आणि तिच्या पाल्यामुळे. खेजडी म्हणजे आपली शमीच. त्यामुळे इथला कस एकरी सरासरीत सापडत नाही. तो ठोंबाठोंबाशी असतो. एक ठोंब मुळासकट गेला की त्या हातभर जागेचा कसही गेला.

या मातीवर चराई वाईट नाही. खुरांनी भारी जमीन जशी घट्ट होते तशी वाळू होत नाही, आणि अजिबात न चरलेला सेवण वाळून त्याची चिपाडे होतात. वाईट आहे ती विश्रांती नसलेली चराई. पूर्वी टोब्यातले, म्हणजे पावसावर भरणाऱ्या तळ्यातले, पाणी आटले की गुरे हलवावीच लागत. रानाला सुट्टी कधी द्यायची हे पाणीच ठरवायचे. आता कूपनलिका आणि नळयोजना आल्या. माणसांसाठी ती मोठीच सोय, तिच्याबद्दल तक्रार कोण करील! पण पाणी बारमाही झाले तशी चराईही बारमाही झाली, आणि प्रत्येक पाणवठ्याभोवती उघड्या वाळूचे कडे पडले. त्या कड्यात आधी सेवण जातो, मग धामण (म्हणजे आपले अंजन), मग येते काटेरी भुरट आणि लांप. शेवटी रुई उभी राहते, जिला गुरे सहसा तोंड लावत नाहीत. शेण मात्र सगळे पाणवठ्यापाशी पडते: कस रानातून निघतो आणि जिथे गवत उरलेले नाही तिथे जमा होतो. आपल्याकडे धनगर शेतात मेंढरे बसवतात, त्याच्या नेमके उलटे.

पशुवैद्यक वाचकांनी आणखी एक दुवा ध्यानात ठेवावा. चाऱ्यातून स्फुरद पुरेसे मिळाले नाही की गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात, त्यातून बोट्युलिझमचे विष पोटात जाते आणि जनावर लुळे पडते. जैसलमेरचे पशुपालक या रोगाला कर्रा म्हणतात. खनिज मिश्रण द्यावे, मढी पुरावीत. हा खर्च परवडतो. वाळूत खत टाकून गवतातले स्फुरद वाढवण्याचा खटाटोप परवडत नाही.

आता धोरण. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशांत वाळूचा भाग मोठा दिसतो, आणि पडीक म्हटले की काहीतरी करून दाखवायची घाई होते. इंदिरा गांधी कालव्याच्या पट्ट्यात सेवणची राने नांगरली गेली. काही ठिकाणी खालच्या कठीण थरामुळे पाणी तुंबून जमीन खारावली. उंटाचा नांगर वरवर ओरखडायचा, ट्रॅक्टरची तवा-फाळी फोगाची आणि सेवणची मुळे उपटते. गावावर सरकणारी टेकडी झाडांनी थोपवावी, याला आमचा विरोध नाही. पण चांगल्या सेवणरानात दाट झाडे लावणे म्हणजे त्या मोजक्या ओलीवर नवे वाटेकरी बसवणे. ओरणांची, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांची, नोंद नसल्याने तीही पडीक ठरत होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये ती मोजून नकाशावर आणण्याचा आदेश राजस्थानला दिला, हे बरे झाले.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ राने आणि पशुपालकांसाठी जाहीर केले आहे. परिषदा होतील, आराखडे निघतील. आपल्या वाचकांपैकी जे अशा आराखड्यांवर सह्या करतात त्यांना आमची विनंती एवढीच: मातीच्या अहवालासोबत आणखी तीन नोंदी मागा. चांगल्या सरीनंतर तिसऱ्या दिवशी खड्डा घेऊन ओल किती खोल गेली ते पाहा. बारमाही गवताच्या दोन ठोंबांतले अंतर मोजा. आणि जवळच्या पाणवठ्यापासून ते ठिकाण किती दूर आहे ते लिहा. या नोंदी नसतील तर नांगरणीच्या आणि वृक्षारोपणाच्या प्रस्तावावर सही करू नका.