गाण्यासाठी आगाऊ वर्गणी



नागपूरला शिकायला ठेवलेला मुलगा दिवाळीला घरी येतो. पाठीवर गिटार. चार मित्रांनी मिळून रॉक बँड काढला आहे, स्वतःची आठ गाणी बांधली आहेत, आता पहिला अल्बम काढायचा, असे तो आईला सांगतो. रात्री जेवणे आटोपल्यावर हळूच वडिलांजवळ विषय काढतो, "बाबा, खर्चासाठी आम्ही लोकांकडून आगाऊ पैसे घेणार आहोत." बाबांच्या कपाळाला आठी पडते. आपला पोरगा लोकांपुढे हात पसरणार!

असा प्रसंग आज कोणत्याही घरी येऊ शकतो. म्हणून रागावण्याआधी ही रीत काय आहे ते समजून घेऊ.

गाणी ध्वनिमुद्रित करायची तर स्टुडिओचे भाडे बहुधा तासावर असते. ड्रम, गिटार, गळा हे अनेकदा वेगवेगळे मुद्रित करतात आणि मग जाणता तंत्रज्ञ त्यांचा मेळ बसवतो. हा सारा खर्च विक्रीचा पहिला रुपया हाती येण्याआधीचा, अगदी पेरणीसारखा. पूर्वी बँडला बहुतेक एकच वाट होती, ती म्हणजे कंपनीची उचल. कंपनी पैसे देई, पण विक्रीतून आधी आपली रक्कम वळती करून घेई आणि मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी बहुधा तिच्याकडेच राही. बियाण्यासाठी उचल घेऊन त्याच व्यापाऱ्याला त्याच्या भावाने कापूस घालणे कसे असते, हे तुम्हांला सांगायला नको.

या फेऱ्यातून इंग्लंडच्या मॅरिलियन नावाच्या रॉक बँडने वाट काढली. 1997 साली अमेरिकेच्या दौऱ्याला पैसा नव्हता, तेव्हा चाहत्यांनी आपण होऊन सुमारे 60 हजार डॉलर जमवले. पुढे बँडनेच चाहत्यांना विचारले की, अजून तयार न झालेला अल्बम आजच विकत घ्याल का? बारा हजारांहून अधिक लोकांनी पैसे भरले आणि 2001 साली तो अल्बम निघाला. गाण्यांची मालकी बँडकडेच राहिली.

आपल्याकडे ही रीत नवी नाही. 1976 चा 'मंथन' चित्रपट आठवा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि त्यातून श्याम बेनेगलांनी तो काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, प्रमुख भूमिकेत आपली स्मिता पाटील. पडद्यावर आला तेव्हा आपले चित्र बघायला गावकरी ट्रक भरभरून गेले. खुद्द नागपूरचे उदाहरण त्याहून जुने आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठी ज्ञानकोशासाठी 1916 साली नागपुरात मंडळी स्थापली, तिचे भाग विकले, वर्गणीदार मिळवले आणि 23 खंड पुरे केले.

तेव्हा आगाऊ वर्गणीत लाजण्यासारखे काही नाही. मात्र एक गोष्ट मुलाला जरूर दाखवून द्या. दूध उत्पादकांचा संघ आधीच उभा होता. मॅरिलियनचा पहिला अल्बम 1983 चा, म्हणजे चाहत्यांकडे पैसे मागितले तेव्हा त्यांची ओळख जुनी झाली होती. तुमच्या मुलाचा हा पहिलाच अल्बम. त्याचे गाणे अजून ऐकले कोणी? आधी कॉलेजात, गणपतीत, गावच्या जत्रेत गावे, श्रोते जोडावेत. वर्गणी मग मागावी. ओळखीपाळखीच्या भिडेने मिळालेला पैसा एकदाच मिळतो. गाणे आवडले म्हणून देणारा माणूस दुसऱ्या वेळीही देतो.

त्याला आणखी चार गोष्टी विचारा. देणाऱ्याला काय मिळणार आणि केव्हा? ठरलेली रक्कम जमली नाही तर पैसे परत करणार का? हिशेबाची वही कोणाकडे, आणि ती देणाऱ्यांना दाखवणार का? चौघांपैकी एकाने बँड सोडला तर गाण्यांवर हक्क कोणाचा? ही उत्तरे कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. मैत्री टिकायची असेल तर कागद हवाच.

आणि तुम्ही स्वतः देणार असाल तर हे ध्यानात ठेवा. अशी वर्गणी म्हणजे नफ्यातला वाटा नव्हे. तुम्हांला मिळतील ती गाणी. म्हणून बियाण्याचा, खताचा किंवा मुलीच्या फीचा पैसा यात घालू नका आणि कर्ज तर मुळीच काढू नका. बुडाला तरी घराचे चाक अडणार नाही, एवढाच द्या.

पण पैशाचे बोलणे उद्यावर ठेवा. आज रात्री त्याला ओसरीवर बसवा, शेजाऱ्यांना हाक मारा आणि म्हणा, "वाजव बाबा, तुझी आठही गाणी ऐकू दे."