सांगितले खरे, ऐकले कोणी?

मराठीत कलावंतांच्या आत्मकथांना तोटा नाही. गोविंदराव टेंबे यांच्या 'माझा संगीत व्यासंग'सारख्या १९३९ सालच्या ग्रंथापासून ही परंपरा चालत आलेली आहे आणि तिने मराठी वाचकाला पुष्कळ दिले, हे मान्य केलेच पाहिजे. गुरूच्या घरचे कष्ट, पहाटेचा रियाज, दौरे, नाटक कंपन्यांचे उत्कर्ष आणि ऱ्हास, संस्थानिकांचा लहरी उदारपणा हे सारे तिच्यामुळे टिकले. मात्र गाणाऱ्या माणसाच्या घराचे दार उघडण्याची वेळ आली, की बहुतेक लेखण्या अडखळतात. मारहाण, दारू, पैशांची ओढाताण, मनाचा तोल जाणे या गोष्टी 'काही कौटुंबिक अडचणी' या तीन शब्दांत उरकल्या जातात. सभ्यतेचा हा संकेत लेखक पाळतो, आणि वाचकही तो मोडावा असा आग्रह धरीत नाही.

या पार्श्वभूमीवर हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे १९७० साली पुस्तकरूपाने आलेले आत्मकथन आजही एकाकी वाटते. अरुण साधू यांच्यापाशी सांगितलेल्या या आठवणी प्रथम 'माणूस'मधून वाचकांपुढे आल्या. पुस्तक निघाल्यानंतर पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९७१ मध्ये, हंसाबाई वारल्या. वय अवघे अठ्ठेचाळीस.

त्यांचे मूळ नाव रतन साळगावकर. जन्म १९२३ चा, गाण्याबजावण्याचा वारसा असलेल्या कलावंतिणींच्या कुळातला. वडिलांचे पिणे आणि घरची ओढग्रस्त यांमुळे मुलीने कमवावे असे ठरले, आणि १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटातून ही तेरा वर्षांची मुलगी पडद्यावर आली. पुढे बॉम्बे टॉकीज, नंतर प्रभातचा 'संत सखू' (१९४१) व 'रामशास्त्री' (१९४४), मग 'लोकशाहीर रामजोशी' (१९४७). अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. ज्या चित्रपटाने कीर्तीचा कळस गाठला, त्याचेच नाव हंसाबाईंनी आपल्या कहाणीला दिले. हे नाव घेताना त्यांच्या मनात उपरोध असेल किंवा नसेल. वाचकाला मात्र तो जाणवल्याशिवाय राहत नाही.

कारण पडद्यावरच्या लावणीला टाळ्या पडत असताना घरी काय चालले होते, ते या पुस्तकात आहे. नवरा वयाने बराच मोठा, माहेरच्या घरात लहानपणापासून येणारा-जाणारा. लग्न झाले की चित्रपट सोडून संसार करायचा, हे त्यांचे साधेसुधे स्वप्न होते. ते पुरे झाले नाही, कारण त्यांनी काम सोडले असते तर मिळकत थांबली असती. कामावर पाठवायचे आणि कामावरून आल्यावर संशय घ्यायचा, अशा दुहेरी चरकात ही बाई वर्षानुवर्षे पिळली गेली. दारू आली. परपुरुष आले. एका रात्री भांडणाच्या भरात त्या घर सोडून एका गृहस्थाबरोबर निघाल्या आणि मराठवाड्यातील एका खेड्यात, ज्याच्या घरी आधीच लग्नाची बायको नांदत होती अशा वाड्यात, सुमारे तीन वर्षे अडकून पडल्या. ज्या चेहऱ्यासाठी शहरात तिकिटांच्या रांगा लागत, त्याला तेथे उंबरा ओलांडण्याची मोकळीक नव्हती. सुटकेसाठी शेवटी नवऱ्यालाच कळवावे लागले. आणि त्या सुटकेच्या वाटेवर न्याय देण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यानेच अत्याचार केला, असे त्या सांगतात.

असे पुस्तक वाचण्याच्या दोन सवयी समाजाला लागलेल्या आहेत. पहिली चघळण्याची. कोण, कुठे, कोणाबरोबर, एवढे शोधून पुस्तक मिटायचे. दुसरी हळहळण्याची. 'एवढी गुणी बाई, पण दारूने वाटोळे केले,' असे म्हणायचे आणि सुस्कारा टाकायचा. दुसरी सवय पहिलीपेक्षा सोज्ज्वळ दिसते, पण तिच्यातही सारा जाब त्या बाईलाच विचारलेला असतो. तिने असे का केले, तिने वेळीच का सावरले नाही, ती पुन्हा त्याच घरात का परतली? वस्तुत: या पुस्तकाला विचारण्याचा पहिला प्रश्न वाण्याच्या दुकानातला आहे. वयाच्या तेराव्या वर्षापासून जी मिळकत आली, ती कोणाच्या हाती गेली? आई-वडील, नवरा, गोतावळा, निर्माते, वितरक असे किती संसार त्या एका गळ्यावर आणि दोन पायांवर उभे होते? हा हिशेब मांडला की 'ती निघून का गेली नाही' हे कोडे उरत नाही. तिला जाऊ देणे कोणालाच परवडणारे नव्हते, एवढे स्वच्छ दिसते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. आत्मकथेत एकच पक्ष बोलतो; ज्यांच्यावर ठपका येतो त्यांना उत्तर देण्याची सोय नसते. हंसाबाईंच्या पतीची बाजू या पुस्तकात नाही, हे खरे. पण स्वत:ची बाजू सजवावी म्हणून लिहिलेले पुस्तक असे नसते. आपला संताप, आपला हट्ट, आपले पिणे, आपण इतरांना दिलेला ताप यांतले काहीही या बाईने लपविलेले नाही. साक्षीदार स्वत:विरुद्धही बोलतो, तेव्हा त्याच्या उरलेल्या साक्षीचे वजन वाढते, एवढे तर कोर्टाची पायरी चढलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते.

खानदेशाशी या पुस्तकाचे दोन धागे जुळलेले आहेत. श्याम बेनेगल यांनी याच कहाणीवरून १९७७ साली 'भूमिका' काढला आणि त्यातील उषा साकार केल्याबद्दल स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता पाटील यांचे घराणे धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे; त्यांचे वडील शिवाजीराव पाटील तेथले. दुसरा धागा अनुवादाचा. मूळ पुस्तकानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी ते इंग्रजीत गेले, ते जसबीर जैन आणि जळगावच्या विद्यापीठातील शोभा शिंदे यांच्या परिश्रमामुळे. स्मिता पाटील आमच्या, हे तापीकाठी अभिमानाने सांगितले जाते. ज्या बाईची व्यथा त्यांनी पडद्यावर आणली, तिचे पुस्तक मात्र त्या मानाने वाचले जात नाही. चित्रपट पाहणे सोपे असते. त्यात उषा असते, हंसा नसते.

वरणगावसारख्या गावात या साऱ्याचे काय काम, असे कोणी विचारील. भुसावळच्या पलीकडे महामार्गावर वसलेले, दारूगोळ्याच्या कारखान्यामुळे पगारदार झालेले हे गाव. येथे कोणी नटी नाही की गायिका नाही. पण हा प्रश्न केवळ नटीचा नाही, हे सातासमुद्रापलीकडच्या दुसऱ्या एका पुस्तकाने अलीकडे दाखवून दिले आहे. आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिने २०२१ साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. जन्म डब्लिनचा, १९६६ चा. आईच्या हातून झालेला अमानुष छळ, पोरवयात चर्चच्या आश्रयाखालील सुधारगृहात काढलेले दिवस, १९९० साली एका गाण्याने जगभर झालेले नाव, आणि पुढे मनाच्या आजाराने रुग्णालयांच्या केलेल्या वाऱ्या हे सारे तिने लिहिले. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर तिने पोपचे छायाचित्र फाडले, तेव्हा जगाने तिला वेडी ठरविले. ते छायाचित्र तिच्या मृत आईच्या खोलीतल्या भिंतीवरचे होते. दोनच आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या व्यासपीठावर हजारो श्रोत्यांनी तिची हुर्यो उडविली. मुलांवरील ज्या अत्याचारांविरुद्ध ती ओरडत होती, त्यांची दखल आयर्लंडमधील चौकशी आयोगाच्या अहवालाने २००९ साली घेतली. पोपचे पत्र २०१० मध्ये निघाले. म्हणजे 'वेडी' म्हणून जिला हिणवले, ती सतरा वर्षे आधी खरे बोलत होती. जुलै २०२३ मध्ये ती गेली, तेव्हा श्रद्धांजलीला शब्द अपुरे पडले.

दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली तर एक फरक डोळ्यांत भरतो. शिनेडच्या हाती आजाराला नावे होती. डॉक्टरांनी ती वेळोवेळी बदलली, पण नावे होती. हंसाबाईंच्या वाट्याला तेवढेही आले नाही. त्यांच्या काळी अशा बाईसाठी 'व्यसनी' आणि 'चळलेली' हे दोनच शब्द समाजापाशी होते. आज परिस्थिती किती बदलली? मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ साली झाला व पुढच्या वर्षी अंमलात आला. १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून दिवसरात्र चालू आहे. परंतु राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत ती ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे. खानदेशाच्या वाट्याला त्यांतले एकही नाही. आणि असते तरी घरातल्या पोरीला तेथे नेले, हे सोयरिकीच्या बोलणीत निघेल या भयाने किती घरांनी ती वाट धरली असती, याची शंकाच आहे. भगताकडे नेलेले चालते. डॉक्टरकडे नेलेले लपवावे लागते.

दरम्यान गाणाऱ्या मुलांची संख्या वाढलेली आहे. खानदेशात अहिराणी गाण्यांना जे उधाण आले आहे, ते कौतुकाचेच आहे. लग्नसराईत बॅण्डच्या गाडीवर उभे राहून गाणारे पोर, मोबाईलवर लाखो लोकांनी पाहिलेली नऊवारीतली चिमुरडी, वाहिन्यांच्या स्पर्धांत परीक्षकांना रडविणारा दहा वर्षांचा गायक यांच्याकडे पाहून कोणालाही आनंद वाटेल. पण या आनंदात १९३६ सालच्या त्या तेरा वर्षांच्या मुलीची आठवण ठेवणारे फार थोडे. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि बालकलावंतांना सूट देताना २०१७ च्या नियमांत काही अटी घातल्या गेल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, सलग तीन तासांपेक्षा अधिक नाही, जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी हवी, शाळा बुडता कामा नये, आणि मिळकतीचा किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदतठेवीत गेला पाहिजे. नियम चांगले आहेत. पण ते निर्मात्याला डोळ्यांसमोर ठेवून केलेले. निर्माता बापच असेल, चित्रीकरण अंगणात होत असेल आणि पैसे बापाच्या खात्यात परस्पर जमा होत असतील, तर परवानगीचा अर्ज कोण करणार आणि पाच तास कोण मोजणार? बाकीच्या ऐंशी टक्क्यांबद्दल तर नियमही गप्प आहेत.

लेकराच्या गळ्यावर घर चालले तर त्यात गैर काय, आम्ही त्याचे वाईट का करू, असे पालक म्हणतील आणि बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असेल. हंसाबाईंच्या आईनेही पोरीचे वाईट चिंतले होते असे पुस्तकातून दिसत नाही. चूल पेटती ठेवायची होती, आणि पोर चांगली दिसत होती, गात होती, नाचत होती. पुढे पोरीने 'मला आता हे नको' म्हटले तेव्हा मात्र ते ऐकून घेण्याइतकी सवड त्या घरात कोणालाच उरली नव्हती. यंदाच्या लग्नसराईत जे पोर बॅण्डवर गाणार आहे, त्याच्या नावाचे बँकेचे पुस्तक आहे काय, हे वरणगावच्या मांडवातही सहज विचारता येईल.