परीक्षा उत्तराची कीं प्रश्नाची?

बायबलांतील वचनें मुखोद्गत म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास ख्रिस्ती धर्मतत्त्व समजलें, असें परीक्षकानें मानावें काय? आमच्या मालवणास जवळच असलेल्या गोमंतकांत फादर स्टीफन्स यांचें मराठी ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं छापलें गेलें. त्यांत ख्रिस्ती झालेला ब्राह्मण श्रोता शंका काढतो आणि पाद्री कथेनें तिचें निरसन करतात. म्हणजे येथें विचारणारा शिष्य आहे! कठोपनिषदांत यमानेंही नचिकेत्याची योग्यता त्याच्या प्रश्नावरून ओळखली. पाठांतरास आम्ही कमी लेखीत नाहीं. परंतु ज्याची शंका दडपली गेली, तो मुलगा उत्तीर्ण होऊनही धर्मास पारखाच राहतो. यास्तव परीक्षकांनीं दहा प्रश्न विचारावे आणि अकरावा विद्यार्थ्यास विचारूं द्यावा. गुणही त्यासच अधिक ठेवावे.