टाच धरा, बोटं सोडा

‘‘एक नंबर मोठाच घ्या, पाय काय वाढतोच आहे.’’ लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने हे म्हणेपर्यंत नातीच्या पायातला डावा बूट तिसऱ्यांदा खाली पडला होता. पोर चौदा महिन्यांची. पाय चिमुकले आणि वर अरुंद; पाऊल हातात धरलं की मला भेंडी आठवते. लांबीला बरोबर असलेल्या बुटात ते करवंटीतल्या सुपारीसारखं फिरायचं, आणि एक नंबर लहान घेतला की बोटं मुडपायची.

दुकानदाराला तरी काय बोलणार! आपल्याकडे लहान मुलांचे बूट बहुतेक एकाच मापाने विकले जातात, लांबीच्या. ब्रिटनमध्ये क्लार्क्ससारखी कंपनी एकाच नंबरात एफ, जी, एच अशा निरनिराळ्या रुंदीचे जोड ठेवते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने लाखाहून अधिक भारतीयांची पावलं मोजून ‘भा’ नावाची मापपद्धत सुचवली आहे, आणि तीत तान्ह्यांसाठीही माप आहे. पण त्या मोजणीत निघालं काय, तर आपली पावलं पाश्चात्त्यांपेक्षा रुंद. म्हणजे ती मापं बाजारात आली तरी आमची भेंडी बाहेरच.

मग सूनबाईने ‘सपोर्ट’वाले बूट शोधायला घेतले. घोटा झाकणारे, कडक तळाचे, आत कमानीखाली उंचवटा. इथे आमचं बिनसलं. चालायला लागलेल्या बाळाचा तळवा सपाट दिसतो, कारण त्याखाली चरबीची गादी असते. कमानीच्या माथ्यावरचं हाडही या वयात बहुधा कूर्चाच असतं. कमान दिसायला लागते ती पुढे काही वर्षांनी. मणिपालच्या राव आणि बेंजामिन जोसेफ या डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 साली निष्कर्ष छापले. सपाट तळव्यांचं प्रमाण बूट-चपला घालणाऱ्या मुलांत 8.6 टक्के, अनवाणी मुलांत 2.8 टक्के. ती मुलं चार वर्षांपुढची होती, आणि निव्वळ बुटांमुळेच असं झालं, असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. तरी कमानीला टेकू देण्याची घाई कशाला, एवढं मी सूनबाईला विचारलंच. जन्मतः वाकड्या पावलाची गोष्ट निराळी. तिथे पोन्सेटी पद्धतीत प्लास्टर निघाल्यावर दांडीला जोडलेले खास बूट लागतातच. पाऊल ताठर वाटलं, मूल लंगडलं किंवा एकच पाय वेगळा दिसला, तर दुकान सोडून डॉक्टर गाठावा.

अरुंद पावलाला हवी असते पकड. बुटाने टाच धरावी आणि बोटं मोकळी सोडावीत. टाच सुटली की बूट निघू नये म्हणून मूल बोटं आवळून चालतं. आमच्या नातीचं तेच चाललं होतं, आणि आम्ही समजत होतो की ही दुडक्या चालीची आहे!

शेवटी पुठ्ठा कामाला आला. तिला उभं करून दोन्ही पावलं पुठ्ठ्यावर आखली (बसलेल्या बाळाचं माप फसवतं, भार पडला की पाऊल पसरतं), कापली आणि दुकानात नेली. पुठ्ठा आत घातल्यावर पुढे बोटभर जागा उरावी, बाजूला फार नको. बूट हाताने वाकवून पाहिला, चवड्यापाशी वाकला. पंप शू बाद, कारण वर आवळायला काहीच नसतं. पी-पी वाजणारे तर मी पाहूही दिले नाहीत. आवाजासाठी पोरं टाच आपटत सुटतात. घेतला तो कापडी, लांबवर उघडणारा, वर रुंद चिकटपट्टी असलेला जोड. पट्टी ओढल्यावर दोन्ही कडा एकमेकींवर चढल्या तर तो बूट या पायासाठी रुंदच समजावा. आमच्याच्या जेमतेम भिडल्या. किंचित ढिलाई होती, ती पातळ, सपाट सुखतळ्याने भरून काढली. दोन महिन्यांनी पुन्हा पुठ्ठा.

घरात ती अनवाणीच असते. फरशीवर, गच्चीत, बागेतल्या मातीत. बूट फक्त रस्त्यावर. आता टाच घट्ट बसते, पाय फिरत नाही, सूनबाईचीही कुरकूर थांबली आहे. फक्त रिक्षात बसलं की चर्र असा आवाज येतो. चिकटपट्टी कशी उघडायची, ते नातीला कळलं आहे.