इस्टेट एजंटची वही आणि फुकटचे सॉफ्टवेअर

घराची चौकशी करणाऱ्या ग्राहकांच्या नोंदी ठेवण्यासाठी छोटे इस्टेट एजंट आता मोफत सॉफ्टवेअरकडे वळत आहेत. मात्र, यातील ‘मोफत’ या शब्दाला मर्यादा आहेत आणि ग्राहकाच्या माहितीची कायदेशीर जबाबदारी अखेरीस एजंटवरच येते. या निवडीत नेमके काय तपासावे, याचा ऊहापोह.

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात घरासाठी एकदा चौकशी केली, की पुढचे कित्येक महिने दूरध्वनी थांबत नाहीत, हा शहरी वाचकांच्या चांगल्याच परिचयाचा अनुभव आहे. घर घेऊन, त्यात राहायला जाऊनही ‘साहेब, टू बीएचके बघताय ना?’ ही विचारणा सुरूच राहते. एजंटांची तक्रार याच्या नेमकी उलट असते. खरोखर घर घेऊ इच्छिणारी ‘पार्टी’ हातातून निसटली, कारण पंधरा दिवसांनी करावयाचा फोन राहून गेला, असे ते सांगतात. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या तक्रारींचे मूळ एकच आहे. कोणी, कधी, काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले, याची नोंद नीट राहत नाही.

या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला ‘कस्टमर रिलेशनशिप मॅनेजमेंट’ अर्थात ‘सीआरएम’ म्हणतात. मोठे बिल्डर आणि त्यांचे चॅनेल पार्टनर त्यासाठी दरमहा पैसे मोजतात. नाक्यावरच्या दोन खुर्च्यांच्या कार्यालयाला ते परवडत नाही, म्हणून मोफत आवृत्त्यांचा शोध सुरू होतो. हा शोध केवळ खर्च वाचविण्यापुरता मर्यादित नाही. दलालीच्या व्यवसायात यंत्रसामग्री नसते, गोदाम नसते. माणसांची ओळख हेच भांडवल असते. ते कोणाच्या ताब्यात ठेवावयाचे, असा हा प्रश्न आहे.

वही का पुरत नाही?

अनेक वर्षे हा व्यवसाय डायरीवर चालला. आता डायरीची जागा व्हॉट्सअ‍ॅपने घेतली आहे. छोट्या व्यावसायिकांसाठी जानेवारी २०१८ मध्ये आलेले ‘व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस’ मोफत आहे आणि त्यात ग्राहकांच्या नावावर खुणेची लेबले लावता येतात. परंतु ते संभाषणाचे साधन आहे, नोंदवहीचे नव्हे. एका ‘ब्रॉडकास्ट’ यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे, त्यांनाच तो निरोप पोहोचतो. शिवाय सगळा व्यवहार एका हँडसेटभोवती फिरत राहतो.

भाड्याच्या व्यवहारांत वहीची मर्यादा सर्वाधिक जाणवते. ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार बहुधा ११ महिन्यांचा होतो. म्हणजे आज केलेला प्रत्येक करार साधारण वर्षभराने पुन्हा दारात येतो. एक तर त्याचे नूतनीकरण होते किंवा जुन्या भाडेकरूला नवे घर आणि मालकाला नवा भाडेकरू हवा असतो. मुदत संपण्याच्या दोन महिने आधी दोघांना फोन गेला, तर एका करारातून दोन नवी कामे उभी राहू शकतात. तो राहिला, तर दोन्ही कामे शेजारच्या एजंटकडे जातात. ही एक तारीख न चुकता पुढे आणणे, एवढेच काम सॉफ्टवेअरने केले तरी त्याचा उपयोग झाला, असे म्हणता येईल.

अडचण अशी, की बहुतेक सीआरएम सॉफ्टवेअर एकाच बाजूचा विचार करून बनविलेली असतात. कंपनी माल विकते, ग्राहक तो घेतो, असा त्यांचा आराखडा असतो. इस्टेट एजंटला मात्र दोन बाजू सांभाळाव्या लागतात. आजचा विक्रेता उद्याचा खरेदीदार असतो. एक सदनिका दहा जणांना दाखविली जाते आणि एक ग्राहक दहा सदनिका पाहतो. त्यामुळे माणसांची एक यादी आणि जागांची दुसरी यादी हवी, तसेच कोणाला कोणती जागा कधी दाखविली, हे जोडणारी तिसरीही हवी. चटईक्षेत्र, मजला, मालकाची अपेक्षा, सोसायटीची अट असे रकाने स्वतः तयार करता यावे लागतात. नेमकी हीच सोय अनेक मोफत आवृत्त्यांत तोकडी असते.

फुकट म्हणजे किती?

बाजारात सहज मिळणाऱ्या मोफत आवृत्त्यांवर नजर टाकली, की त्यांच्या मर्यादांचे स्वरूप स्पष्ट होते. चेन्नईस्थित झोहो कंपनीच्या सीआरएमची मोफत आवृत्ती तीन वापरकर्त्यांपुरती आहे. याच कंपनीचे छोट्या उद्योगांसाठीचे ‘बिगिन’ एका वापरकर्त्याला ५०० नोंदींपर्यंत फुकट मिळते. ‘हबस्पॉट’ या अमेरिकी कंपनीने २०१४ मध्ये मोफत सीआरएम बाजारात आणले, तेव्हा त्याच्या उदार मर्यादांची चर्चा झाली होती. नंतर नव्या ग्राहकांसाठी त्या मर्यादा आक्रसत गेल्या आणि मोफत खाते दोन वापरकर्ते व एक हजार संपर्क इथवर आले.

या आकड्यांचा हिशेब एजंटने स्वतःच्या धंद्याशी लावून पाहावा. एखाद्या कार्यालयात दिवसाला दहा नव्या चौकशा येत असतील, तर एक हजाराची मर्यादा शंभर दिवसांत संपते आणि ५०० ची पन्नास दिवसांत. म्हणजे पहिल्या ११ महिन्यांच्या कराराची आठवण येण्यापूर्वीच जागा भरलेली असते. तेव्हा दोनच मार्ग उरतात. जुन्या नोंदी पुसावयाच्या किंवा पैसे भरावयाचे. तोपर्यंत सवय झालेली असते, कर्मचारी शिकलेले असतात आणि सगळी माहिती तिथेच असते. मोफत आवृत्ती हा कंपन्यांचा धर्मादाय उपक्रम नाही, तो त्यांच्या विक्रीचा पहिला टप्पा आहे. यात गैर काही नाही, पण ग्राहकाने ते समजून आत शिरावे.

वापरकर्त्यांच्या मर्यादेचा परिणाम अधिक गंभीर आहे. कार्यालयात चार माणसे आणि परवानगी दोघांची, अशी स्थिती आली, की एकच पासवर्ड चौघांत वाटला जातो. मग कोणती नोंद कोणी बदलली, संपूर्ण यादी कोणी उतरवून घेतली, हे कळण्याचा मार्ग राहत नाही. सोडून जाणारा सहकारी ग्राहकांची यादी घेऊन जातो, ही या व्यवसायातील जुनी भीती आहे. वाटून घेतलेला पासवर्ड तिला मोकळे रान देतो.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’

पैसे न मोजण्याचा दुसरा मार्ग मुक्त स्रोत सॉफ्टवेअरचा आहे. त्यात वापरकर्त्यांची किंवा नोंदींची मर्यादा नसते, कारण ते आपल्याच सर्व्हरवर बसविता येते. ‘सुईटसीआरएम’ किंवा मुंबईतील फ्रॅपे या कंपनीचे ‘फ्रॅपे सीआरएम’ ही त्याची उदाहरणे. मात्र, परवाना मोफत असला तरी सर्व्हरचे भाडे, नियमित बॅकअप, सुरक्षेचे अपडेट आणि बिघाड झाल्यास धावून येणारा जाणकार यांचा खर्च टळत नाही. ज्या कार्यालयात संगणकाचा जाणकार नाही, तिथे दुर्लक्षित सर्व्हर हा कंपनीच्या सर्व्हरपेक्षा अधिक धोकादायक ठरू शकतो.

तरीही ‘मुक्त’ असण्याचे मोल काय, हे ‘शुगरसीआरएम’च्या उदाहरणावरून कळते. २००४ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाची मुक्त आवृत्ती जगभर वापरली गेली. २०१४ मध्ये कंपनीने मुक्त स्रोताची नवी आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले. मात्र, मूळ आज्ञावली खुली असल्याने त्यापूर्वीच, २०१३ मध्ये, तिच्यातून ‘सुईटसीआरएम’ वेगळे निघाले होते. त्यामुळे वापरकर्त्यांना पुढे जाण्यासाठी वाट राहिली. केवळ ‘मोफत’ असलेली सेवा बंद झाली, तर अशी वाट उरत नाही. तेव्हा हातात उरते ती फक्त वेळेवर उतरवून घेतलेली माहिती.

कायद्याची चौकट

सॉफ्टवेअर निवडताना एजंटांकडून सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाजू कायद्याची आहे. ‘रेरा’ कायदा २०१६ चा असून, महाराष्ट्रात ‘महारेरा’चा कारभार मे २०१७ पासून सुरू झाला. नोंदणीकृत प्रकल्पातील विक्रीत मध्यस्थी करणाऱ्या एजंटला या कायद्याच्या कलम ९ नुसार नोंदणी बंधनकारक आहे. कलम १० नुसार त्याने हिशेब, नोंदी व कागदपत्रे जतन करावयाची आहेत आणि प्रकल्पाविषयी दिशाभूल करणारी विधाने टाळावयाची आहेत. या कलमांच्या भंगासाठी दिवसाला दहा हजार रुपये आणि एकूण संबंधित मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘महारेरा’ने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र अनिवार्य केले. ते न मिळविणाऱ्या हजारो एजंटांवर २०२४ मध्ये कारवाईही झाली. ग्राहकाला कोणत्या दिवशी कोणता दर आणि कोणती ताबा-तारीख सांगितली, याची तारखेनिशी नोंद वाद उद्भवल्यास एजंटच्याच उपयोगी पडते. जागा संपली म्हणून जुन्या नोंदी पुसावयास लावणारी आवृत्ती या दृष्टीने महागात पडू शकते.

दुसरी चौकट दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ‘ट्राय’ची. नको असलेल्या व्यापारी दूरध्वनींच्या वर्गवारीत ‘रिअल इस्टेट’ हा स्वतंत्र वर्ग आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ‘ट्राय’ने नोंदणी न करता प्रचाराचे दूरध्वनी करणाऱ्यांच्या जोडण्या तोडण्याचे आणि त्यांना दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकण्याचे निर्देश दूरसंचार कंपन्यांना दिले. सीआरएममध्ये कोठून तरी मिळविलेली यादी भरून धडाधड फोन लावणाऱ्या एजंटने हे ध्यानात घ्यावयास हवे. ज्या क्रमांकावर त्याचा धंदा चालतो, तोच बंद पडण्याचा हा धोका आहे.

तिसरी आणि सर्वांत नवी चौकट वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाची. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. या कायद्यानुसार ग्राहकाची माहिती कशासाठी घेतली जात आहे, हे स्पष्ट सांगून त्याची संमती घ्यावी लागते. ही सूचना इंग्रजी किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय त्याला द्यावयाचा आहे. संमती मागे घेतल्यास, अन्य कायद्याने जतन करणे आवश्यक नसेल तर, माहिती पुसावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, माहिती सॉफ्टवेअर कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी जबाबदारी ती गोळा करणाऱ्याची, म्हणजे एजंटची आहे. सुरक्षेतील त्रुटींसाठी कमाल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. छोट्या कार्यालयाला तो कमाल दंड होईल, असे नाही. परंतु ‘सॉफ्टवेअर त्यांचे होते’ हा बचाव टिकणार नाही.

निवड कशी करावी?

या पार्श्वभूमीवर निवडीचे काही निकष सांगता येतात. पहिला निकष बाहेर पडण्याचा आहे. सर्व नोंदी एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात का, हे माहिती भरण्यापूर्वीच तपासावे. त्यासाठी दहा खोट्या नावांची नोंद करावी, ती उतरवावी आणि एक्सेलमध्ये उघडून पाहावी. देवनागरीत लिहिलेली नावे अनेकदा इथेच अगम्य चिन्हांत बदललेली दिसतात. नुसती नावे व क्रमांक बाहेर आले आणि भेटींचे टिपण व तारखा आतच राहिल्या, तर ती माहिती अर्धीच आपली आहे, असे समजावे.

दुसरा निकष दुबार नोंदींचा. एकच आडनाव मराठीत एका तऱ्हेने आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले जाते. म्हणून ओळख नावावरून न ठेवता दहा अंकी भ्रमणध्वनी क्रमांकावरून ठेवावी आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आल्यास सॉफ्टवेअर हटकते का, हे पाहावे. एकाच कार्यालयातून एकाच माणसाला तीन फोन जातात, ते बहुधा या त्रुटीमुळेच. तिसरा निकष, प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र प्रवेश आणि यादी उतरविण्याचा अधिकार फक्त मालकाला. चौथा, संमती केव्हा मिळाली आणि ‘फोन करू नका’ असे कोणी सांगितले, यासाठी रकाना. मोबाइलवरचे एखादे फुकटचे अ‍ॅप सुरुवातीलाच संपूर्ण फोनबुक मागत असेल, तर ते नाकारलेलेच बरे.

या निकषांवर पाहिले, तर एकट्याने काम करणाऱ्या, महिन्याला मोजक्याच चौकशा येणाऱ्या एजंटला शिस्तीने भरलेली स्प्रेडशीट आणि फोनमधील कॅलेंडर पुरेसे आहे. दोन-तीन जणांच्या कार्यालयाने मोफत आवृत्ती जरूर वापरावी, पण तिच्या पुढच्या टप्प्याचे मासिक शुल्क आजच विचारून ठेवावे आणि महिन्यातून एकदा सगळी माहिती उतरवून स्वतःकडे ठेवावी. चारपेक्षा अधिक माणसे असतील, तर फुकटाचा अट्टहास सोडलेला बरा. पासवर्ड वाटून वाचविलेली रक्कम एका निसटलेल्या व्यवहाराच्या दलालीपुढे किरकोळ ठरते.

राहता राहिला घर शोधणारा ग्राहक. एजंटने कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, हे तो ठरवू शकत नाही. मात्र, ‘माझा क्रमांक तुम्ही कोठे ठेवता आणि काम झाल्यावर तो काढून टाकाल का?’ हा प्रश्न त्याने पहिल्याच भेटीत विचारावा. कायद्याने तो अधिकार त्याला दिला आहे. या प्रश्नाचे सरळ उत्तर देऊ शकणारा एजंट घराच्या कागदपत्रांबाबतही सरळ असण्याची शक्यता अधिक.