सवड आधी, आवड मागाहून

'आवड असली की सवड मिळते' हे वाक्य वाचनावरच्या प्रत्येक भाषणात हमखास येते. डॉ. अब्दुल कलाम यांच्या जन्मदिनी, 15 ऑक्टोबरला, महाराष्ट्रात 2015 पासून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. त्या दिवशीही मी ते ऐकले. टाळ्याही वाजवल्या. पण माझा अनुभव अगदी उलट आहे.

मी वाकडला राहतो. सकाळी कॉलेज आणि सायंकाळी 5 ते 10 डांगे चौकातील एका दुकानात उभे राहायचे. रात्री जेवण झाले की मी पुस्तक हाती घेत असे. एकच परिच्छेद तीनदा वाचून होई आणि चौथ्या वेळी हात मोबाईलकडे जाई. थकलेल्या माणसाकडून मोबाईल काहीच मागत नाही. पुस्तक मात्र लक्ष मागते. 'हल्लीची मुले वाचत नाहीत' असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी रात्री साडेदहाला एकदा आमच्या जागी बसून पाहावे.

शेवटी मी रात्रीचा नाद सोडला. पहाटे साडेपाचला आई भाकऱ्या थापते, तेव्हा चुलीशेजारी (चूल कसली, गॅसच!) बसून मोजून दहा पाने वाचू लागलो. मोबाईल फडताळावर. पुस्तक अण्णाभाऊ साठे यांचे 'फकिरा', 1959 सालचे. मनात वाचले की डोळा लागे, म्हणून मोठ्याने वाचू लागलो. पहिले आठ दिवस केवळ हट्टाने रेटले. नवव्या दिवशी मी अंथरुणातच लोळत होतो, तर आई म्हणाली, "ऊठ की रं, फकिराचं पुढं काय झालं?" आई शाळेत गेलेली नाही. त्या दिवसापासून खाडा करण्याची सोयच उरली नाही.

अण्णाभाऊंची शाळा जेमतेम दीड दिवसाची, असे सांगतात. मुंबईत अंगमेहनतीची कामे करीत ते वाचायला शिकले. मात्र त्यांचे उदाहरण देऊन कुणी आम्हाला लाजवू नये. तसा माणूस लाखात एक. आम्हा बाकीच्यांना थोडी सोय लागते.

ती सोय कोणती, ते सांगतो. आपल्या ग्रंथालयातून अवांतर पुस्तक सात दिवसांसाठी मिळते. रोज दहा पाने म्हणजे सात दिवसांत सत्तर. 'फकिरा' मी बाविसाव्या दिवशी परत केले आणि पंधरा दिवसांचा दंड भरला. दंडाचे दुःख नाही, पण माझ्यासारखा दुसरा विद्यार्थी दंडाच्या भीतीने पुस्तक अर्धवटच परत करील आणि पुन्हा नेणार नाही. कामावर जाणाऱ्या विद्यार्थ्यांना अवांतर पुस्तक महिनाभर ठेवू द्यावे, एवढी माझी प्राध्यापकांना विनंती आहे. परीक्षेच्या पुस्तकांचा नियम हवा तर तसाच राहू द्या.

सध्या आमच्याकडे दुसरे पुस्तक चालू आहे. चाळीस पाने झाली, मुदतीचे तीन दिवस उरले आहेत.